लांब टोला आणि दोन पात्या

आम्हा देवासकरांना एक जित्याची खोड आहे. कुठलीही गोष्ट समोर आली, की ती आम्ही आधी दोन पात्यांत वाटून पाहतो. त्यात आमचा फारसा दोष नाही. पहिल्या बाजीरावाच्या काळात तुकोजी आणि जिवाजी हे पवार बंधू माळव्यात आले आणि देवास त्यांनी दोघांत सांभाळले. पुढे एकाच गावात दोन गाद्या झाल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. १९४८ साली संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा जोडसंसार चालला. गावावरच्या टेकडीत देवीही दोन आहेत. तुळजाभवानी ही मोठी माता आणि चामुंडा ही छोटी माता. एकीचे दर्शन घेऊन दुसरीला न भेटता टेकडी उतरणारा भाविक मी तरी पाहिलेला नाही.

सीमाभागातल्या या अंकाशी माझे नाते सासुरवाडीचे. बेळगावहून तो दर दिवाळीला आमच्या घरी येतो, आणि फराळाच्या ताटाआधी त्याच्यावर झडप पडते. यंदा 'माळव्यातल्या मराठी इतिहासाबद्दल काही लिहा' असा निरोप आला. सनदा, लढाया आणि तहनामे यांवर लिहिणारे जाणते पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे तो एका टोल्याचा इतिहास. गोल्फ नावाच्या खेळात पहिला, सर्वांत लांबचा टोला ज्या काठीने मारतात तिला ड्रायव्हर म्हणतात. चेंडू लांब जावा आणि जिथे हवा तिथेच जावा, या दोन मागण्या त्या एका काठीपाशी असतात. लांबी ही थोरली पाती, ताबा ही धाकटी. वाचकांनी लगेच पान उलटू नये. या टोल्याशी माझा हिशेब साठ वर्षांच्या आसपासचा आहे, आणि त्याची सुरुवात गोल्फच्या हिरवळीवर नव्हे, धारच्या धुळीत झाली.

*

माझे आजोळ धारचे. १९६७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले किल्ल्याखालच्या मोकळ्या जागेत विटीदांडू खेळत होतो. हाच तो तांबड्या दगडाचा किल्ला, ज्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला. आम्हाला त्याचे सोयरसुतक नव्हते. आमचे लक्ष वकट, लेंड, मूंड, नाल या मोजणीकडे. हे आकडे मराठी नाहीत. तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु आणि कन्नडमधले मूरु, नाल्कु त्यांत ऐकू येतात. सीमाभागातल्या वाचकांना हे सांगायला नको. दक्षिणेतले आकडे घेऊन मराठी पोरे नर्मदेपलीकडे विटी कोलत होती, हाही मराठ्यांच्या माळव्यातल्या इतिहासाचा एक पुरावाच म्हणायचा.

मी अंगाने दणकट होतो. माझा टोला लांब जाई, आणि तो जाताना बघायला पोरे थांबत, याची मला मोठी धुंदी होती. त्या दिवशी ओट्यावर चार मोठी माणसेही बसली होती. विटीच्या टोकावर दांडू आपटला, विटी उडाली, आणि मी सगळ्या अंगाचा जोर लावून दांडू फिरवला. विटी समोर जायची ती उजवीकडे गेली. तिथे माझा मामेभाऊ उभा होता. माझ्याहून वर्षाने मोठा. मी त्याला भाऊच म्हणतो. विटीचे टोक त्याच्या डाव्या डोळ्यात गेले.

त्याला इंदूरला नेले. डोळा वाचला नाही. मामा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते. आईने दांडू चुलीत घातला. त्यानंतर मी कुठलाही फेकायचा किंवा मारायचा खेळ खेळलो नाही. देवासच्या एका कारखान्यात गिअर तपासण्याच्या खात्यात माझी सारी नोकरी गेली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पकडायची, हे काम मला मानवले. का मानवले, ते वाचकांनी ओळखले असेलच.

*

निवृत्तीनंतर लष्करातून बाहेर पडलेल्या एका स्नेह्यांनी मला महूला नेले. धार, देवास आणि मधले इंदूर यांच्या पंचक्रोशीतच ही छावणी. तिचा जन्म १८१८ सालचा, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षीचा. जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचे हात बांधले गेले. जूनमध्ये, धारच्या किल्ल्यात जन्मलेला तो बाजीराव असीरगडाच्या बाजूला जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमनेच महूला तळ दिला. मागोमाग गोऱ्या फौजा आल्या आणि फौजांबरोबर त्यांचे खेळ आले. गोल्फ हिंदुस्थानात फार लवकर रुजले. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना मानतात. मुंबईचा १८४२ सालचा. म्हणजे तात्या टोपे माळव्यातून धावला, त्याच्या आधीच हा खेळ आपल्या देशात बसलेला होता.

स्नेह्यांनी माझ्या हाती ड्रायव्हर दिला. 'मारा' म्हणाले. मी नको नको म्हणता मारला. चेंडू सरळ निघाला आणि मध्येच उजवीकडे वळून झाडीत गेला. तिथे कोणी नव्हते. तरी माझे तळवे घामाने ओले झाले. पन्नास वर्षांनी तोच टोला, त्याच बाजूला. त्या दिवशी घरी येताना मी ठरवले, की हा टोला सरळ होईपर्यंत खेळ सोडायचा नाही. आणि सवयीप्रमाणे मी आधी त्याचा इतिहास शोधू लागलो.

*

इतिहास काढला तेव्हा कळले, की लांबीचा मोह माझ्या एकट्याचा नाही. साऱ्या खेळाची गोष्टच ती आहे. पहिले चेंडू चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून केलेले असत. महाग, आणि पावसात भिजले की निकामी. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा हा मलायातल्या झाडांचा चीक. आख्यायिका अशी, की स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली, ती या चिकात बांधलेली होती, आणि त्या वेष्टनातून एका होतकरू पाद्र्याने चेंडू वळला. खरेखोटे देव जाणे. त्या चेंडूची पुढची गोष्ट मात्र खरी आहे. गुळगुळीत नवा चेंडू लवकर खाली येई आणि ठोके खाऊन ओबडधोबड झालेला लांब जाई. खेळाडू मग हातोडीने मुद्दाम टवके पाडू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचे मूळ ते. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो, मागे ओढणारी पोकळी लहान होते आणि चेंडू लांब जातो.

एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात याच्या पुढचे पाऊल टाकले. चेंडूला मागच्या बाजूने फिरकी असेल, तर हवाच त्याला वर उचलून धरते, हे त्यांनी गणिताने दाखवले. गंमत अशी, की तोपर्यंत चांगले खेळाडू फिरकीला दोष मानत. टेट यांचा मुलगा फ्रेडी हा त्या काळचा नावाजलेला हौशी खेळाडू, १८९६ आणि १८९८ चा विजेता. बाप हिशेब मांडी आणि मुलगा टोले मारी. हा मुलगा १९०० साली बोअर युद्धात पडला.

१८९८ मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केलने रबराचा धागा ताणून गुंडाळलेला चेंडू केला आणि लांबी पुन्हा वाढली. काठीचे डोके तोवर बीचसारख्या लाकडाचे असे. पुढे पर्सिमन नावाच्या अमेरिकी झाडाचे कठीण लाकूड रूढ झाले. हे नाव वाचून मी थांबलो. वनस्पतिशास्त्रात ते आपल्या टेंभुर्णीचे भावंड. धारच्या रानातून विडीसाठी ज्या तेंदूची पाने तोडून नेतात, त्याच कुळाचे आणि त्याच वंशाचे. जवळजवळ शतकभर जगातले लांब टोले तेंदूच्या एका परदेशी चुलतभावाने मारले, आणि आम्ही धारकर त्याच्या नावाने फक्त धूर काढत राहिलो.

मग लाकडी दांडीच्या जागी पोलादी दांडी आली. अमेरिकेने ती १९२४ साली मान्य केली, सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १९२९ साली. १९७९ मध्ये गॅरी अॅडम्सने धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. लोक हसले. १९९३ ची मास्टर्स स्पर्धा बर्नहार्ड लँगरने पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली. मोठ्या स्पर्धांतला लाकडाचा तो शेवटचा विजय. पुढे टायटॅनियम आले आणि डोके एवढे फुगले, की २००४ पासून ४६० घन सेंटीमीटरची मर्यादा घालावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये तर चेंडूची चाचणीच कडक करण्याचे जाहीर झाले, कारण टोल्यांना मैदाने पुरेनाशी झाली. थोरल्या पातीला आवरायला शेवटी नियमांची धाकटी पाती पुढे यावी लागते, ती अशी.

*

मोठ्या डोक्याचा खरा उपयोग मात्र लांबीपेक्षा ताब्याला झाला. वजन कडेला गेले, त्यामुळे चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी डोके कमी वळते. इथे माझ्यातला गिअर तपासनीस जागा झाला आणि मी हिशेब मांडला. चेंडू अगदी मध्यावर लागला, तर त्याचा वेग काठीच्या वेगाच्या जास्तीत जास्त दीडपट होतो. माझी काठी ताशी ९० मैलांनी फिरते असे धरा. मध्यावरचा टोला चेंडूला १३५ मैलांचा वेग देईल. कडेला लागला आणि दीडपटीचे प्रमाण १.३ वर आले, तर ११७. म्हणजे तीस-पस्तीस वारांचे नुकसान. ते भरून काढायला काठी ताशी १०४ मैलांनी फिरवावी लागेल, आणि ते माझ्या वयाला या जन्मी शक्य नाही. चेंडू मध्यावर घेणे शक्य आहे. लांबी आणि ताबा ही दोन राज्ये नव्हतच, एकाच मध्यबिंदूवरून दोघांचा कारभार चालतो.

दुसरा हिशेब दिशेचा. काठीच्या मुखाची चूक एक अंशाची असेल, तर दोनशे वारांवर चेंडू साडेतीन वार बाजूला पडतो. पाच अंशांची असेल तर साडेसतरा वार. त्यात वळण धरलेलेच नाही. चेंडू निघतो कुठल्या दिशेने, हे मुख्यतः मुखावर ठरते. तो पुढे वळतो किती, हे मुखाची दिशा आणि काठीचा मार्ग यांच्यातल्या फरकावर. जुनी पुस्तके नेमके उलटे शिकवत. या शतकात रडारने चेंडू मोजायला लागले, तेव्हा ती चूक सुधारली. माझे मुख मार्गाच्या मानाने उघडे राहत होते, म्हणून चेंडू उजवीकडे पळत होता. आणि तो पळू नये म्हणून मी आणखी जोर लावी, त्याने मुठी आवळल्या जात आणि मुख आणखीच उघडे राही.

यावर इलाज सांगितला तो मैदानावरच्या एका म्हाताऱ्या कॅडीने. साहेबांच्या पिशव्या वाहण्यात त्यांचा जन्म गेला. आम्ही त्यांना काका म्हणतो. माझे चार टोले त्यांनी मुकाट्याने पाहिले आणि माळवीत म्हणाले, 'साब, मारो मती. जावा दो.' मारू नका, जाऊ द्या. मग एकेक गोष्ट दुरुस्त केली. चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत ठेवा. खुंटी इतकी उंच, की निम्मा चेंडू काठीच्या वरच्या कडेवर दिसावा. तशाने काठी खालून वर जाताना चेंडूला भेटते. मूठ पाखरू धरल्यासारखी, सुटू नये आणि चिरडू नये. शेवटी माझी ९ अंशांची काठी त्यांनी बाजूला ठेवली आणि १२ अंशांची दिली. कल जास्त असला, की मागची फिरकी वाढते, बाजूची कमी भासते आणि हळू फिरणाऱ्या हाताचा चेंडू हवेत राहतो. कमी अंशांची काठी ही माझ्यासारख्याची नुसती ऐट होती.

काकांना गणित ठाऊक नव्हते. टेटसाहेबांनी कागदावर मांडले ते त्यांनी पन्नास वर्षे डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याकडच्या गोल्फचा इतिहास क्लबांच्या भिंतींवरच्या सोनेरी नावांत लिहिला जातो, पण विद्या बरीचशी पिशव्या वाहणाऱ्यांकडे राहिली. दिल्लीचा अली शेर हा कॅडीच. १९९१ साली त्याने इंडियन ओपन जिंकली. भारतीय व्यावसायिकाने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. आज पुण्याचा उदयन माने टोकियोच्या ऑलिंपिकपर्यंत जातो तेव्हा आपल्याला आनंद होतो. त्या आनंदात या न खेळलेल्या खेळाडूंचाही वाटा असावा. काकांना मी एकदा विचारले, 'तुम्ही कधी मारला का?' ते म्हणाले, 'पहाटे, कोणी नसताना.'

*

ताब्याची ही विद्या माळव्याला नवी नाही. सी. के. नायडू १९२३ साली होळकरांच्या बोलावण्यावरून इंदूरला आले. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीविरुद्ध त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत षटकार अकरा. लोकांना षटकार आठवतात. पण अकरा वेळा चेंडू कुंपणापार जातो, तो नुसत्या बळाने नव्हे. अकराही वेळा बॅटचा मध्य चेंडूला भेटलेला असतो.

आणि दुसरे नाव तर तुमच्याच मातीतले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकळी, म्हणजे कुमार गंधर्व, १९४८ साली क्षयाने ग्रासलेल्या स्थितीत आमच्या देवासला आले. कोरडी हवा मानवेल या आशेने. काही वर्षे गाणे बंद. उठले तेव्हा एक फुप्फुस निकामी झालेले. लांब दमाची मिजास आता चालणार नव्हती. १९५३ पासून ते पुन्हा गाऊ लागले. श्वास लहान होता, पण प्रत्येक स्वर मध्यावर लागे आणि टेकडीच्या पायथ्याच्या 'भानुकुल'मधून निघून देशभर जाई. १९९२ च्या जानेवारीत ते गेले तेव्हा मी त्या रस्त्यावर उभा होतो. लांबी बळावर नसते, हे मला तेव्हा ऐकू आले होते. हातांना कळायला आणखी पंचवीस वर्षे लागली.

*

गेल्या वर्षी मी धारला गेलो आणि भाऊला म्हणालो, 'एकदा महूला चल.' त्याने का म्हणून विचारले नाही. मैदानावर मी त्याला माझ्या पाठीमागे, चांगला दूर, दगडी बाकावर बसवले. काठी हातात घेतली आणि हात थरथरू लागले. काकांनी ओळखले असावे. ते काही न बोलता भाऊच्या शेजारी जाऊन बसले.

मी चेंडू जाऊ दिला. फार लांब नाही, १८० वार असेल. पण सरळ गेला, आणि गवताच्या मध्यावर पडला.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी भाऊजवळ जाऊन बसलो आणि इतक्या वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले, 'त्या दिवशी तू मला काही बोलला का नाहीस?'

भाऊने चष्मा पुसला. 'काय बोलणार? मी समोरच होतो, मला दिसत होते. तू विटीकडे बघतच नव्हतास. ओट्यावरच्या माणसांकडे बघत होतास.' मग थोडे थांबून म्हणाला, 'आज चेंडूकडे बघितलेस.'

काका उठले, चेंडू आणायला निघाले. भाऊ म्हणाला, 'थांबा, मी येतो. कुठे पडला ते मी पाहिले आहे.' आणि ते दोघे गवतातून चालत गेले.